गेम पार्लरची वही : तालुक्याच्या गावात मोबाइलने संगणकाची खुर्ची कशी रिकामी केली

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव. एसटी स्टँडच्या मागे, ज्युनिअर कॉलेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर एक सायबर कॅफे होता. गावाचं आणि मालकाचं नाव मुद्दाम देत नाही. मी त्यांचे हिशेब लिहितो, बँकेचे कागद करतो. त्यामुळे आकडे माझ्या डोळ्यांखालून गेलेले आहेत, आणि या प्रकरणातल्या एका चुकीवर माझीही सही आहे.

दुकान २००६ साली उघडलं. आठ संगणक, जाडजूड पाठीचे मॉनिटर, एक प्रिंटर. लोक बोर्डाचे निकाल बघायला, ऑर्कुटवर फोटो टाकायला आणि नोकरीचे अर्ज भरायला येतील असा हिशेब होता. ते आलेही. पण वर्षभरात मालकांच्या लक्षात आलं की पोरं इंटरनेटपेक्षा ‘व्हाइस सिटी’ या गेमसाठी जास्त बसतात. इंटरनेट तासाला २० रुपये, गेम १५. गेमला बीएसएनएलची लाइन लागत नाही, म्हणजे पावसाळ्यात लाइन गेली तरी गल्ला चालू. आठही संगणक एका स्विचला, म्हणजे संगणक आपसांत जोडणाऱ्या डबीला, जोडले आणि ‘काउंटर स्ट्राइक’ सुरू झालं. चार विरुद्ध चार. शनिवारी शाळा सकाळची असल्यामुळे दुपारी जिन्यात चपलांचा ढीग लागायचा. कीबोर्डवरची डब्ल्यू, ए, एस, डी ही चार अक्षरं झिजून गेली होती. नवीन टायपिंग शिकणारा कुणी बसला की त्याची पंचाईत व्हायची. पोरं मालकांना ‘दादा’ म्हणायची. गेम्सच्या सीडी कुठून आल्या हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

सगळ्यांत चांगलं वर्ष २०१३-१४. तोवर बारा संगणक झाले होते, गेमचा दरही २० रुपये झाला होता आणि गेमचे महिन्याला अंदाजे ३२ हजार जमत होते.

या गोष्टीत एक वही महत्त्वाची आहे. २०११च्या सायबर कॅफे नियमांनुसार येणाऱ्याचं नाव, ओळखपत्र, येण्याची-जाण्याची वेळ लिहून ठेवावी लागे आणि ती नोंद किमान वर्षभर सांभाळावी लागे. मालक मुळात नेटके. त्यांनी वर्षभर नाही, सगळ्याच वह्या सांभाळल्या. लाल पुठ्ठ्याच्या फुलस्केप वह्या, कपाटावर एकावर एक. पोलीस तपासणीला आले तर दाखवायच्या, एवढाच त्यांचा उपयोग अशी आम्हा दोघांची समजूत होती.

अडचण

२०१६च्या दिवाळीनंतर गल्ला निम्म्यावर आला. कारण शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं होतं आणि ३१ मार्च २०१७पर्यंत डेटा फुकट होता. दहा हजारांच्या आत बरा मोबाइल मिळत होता. त्यात ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. मालक म्हणाले, “सुट्टे नाहीत पोरांकडे, म्हणून येत नाहीत. मार्चनंतर येतील बघा.” मलाही ते पटलं. फुकटचा डेटा संपेल, नोटा येतील, पोरं येतील.

वह्या मी उघडल्या त्या २०१९मध्ये, कर्जाच्या दुसऱ्याच एका कामासाठी. ओळखपत्राच्या रकान्यात कुणी शाळेचं, कुणी कॉलेजचं असं लिहिलेलं असतं. सहज म्हणून जुलै महिन्याच्या कॉलेजवाल्या नोंदी मोजल्या. जुलै २०१४मध्ये ४१०. जुलै २०१५मध्ये २३५. म्हणजे जिओ यायच्या वर्षभर आधीच कॉलेजची जवळजवळ निम्मी पोरं गेली होती. गल्ल्यात ते दिसलं नाही, कारण त्याच काळात शाळेची मुलं वाढली होती आणि स्कॉलरशिप, भरतीचे अर्ज यांचे पैसे त्याच पेटीत पडत होते. पेटी एकच, म्हणून गळती दिसेना.

२०१५मध्ये काय झालं हे मग जुन्या पोरांना गाठून विचारलं. बहुतेकांनी एकच नाव घेतलं : ‘मिनी मिलिशिया’. एकाने मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करायचा, बाकीच्यांनी त्याला जोडून घ्यायचं आणि गोळीबार सुरू. इंटरनेट लागत नाही, रुपया लागत नाही. कॉलेजच्या कँटीनमध्ये, अपडाउनच्या एसटीत मागच्या सीटवर, सहा डोकी सहा मोबाइलवर वाकलेली. मालकांनी आठ संगणकांना जोडायला जो स्विच आणि जी वायर घेतली होती, ती आता कुणाच्या तरी खिशात आली होती. जिओने उरलेलं काम केलं. सुरुवात त्याआधीच झाली होती.

इथे थोडं मागे जायला हवं. मोबाइलवर गेम नवीन नव्हते. नोकियाच्या फोनवरचा साप १९९७पासूनचा. २००३ला नोकियाने खास गेमसाठी ‘एन-गेज’ नावाचा फोनही काढला आणि तो सपशेल आपटला. चित्र पालटलं ते जुलै २००८मध्ये अॅपलने अॅप स्टोअर उघडल्यावर, आणि त्याच वर्षी गुगलनेही अँड्रॉइडसाठी बाजार मांडल्यावर. आता गेम बनवणाऱ्याला दुकान शोधायची गरज उरली नाही. २००९च्या शेवटी ‘अँग्री बर्ड्‌स’ आला. त्याच सुमारास गेम फुकट द्यायचा आणि आतल्या वस्तू विकायच्या, ही रीतही रुळायला लागली. आमच्या गावापुरतं बोलायचं तर या सगळ्याचा अर्थ साधा होता : संगणक गेमसाठी विकत घ्यावा लागे, मोबाइल मात्र घरात दुसऱ्याच कारणाने येत होता. वडील व्हॉट्सअॅपसाठी घेत, ताई फोटोसाठी घेई, आणि गेम त्यात बिनपैशाचा येऊन बसे. तासाला २० रुपयांची स्पर्धा १५ रुपयांशी असती तर मालकांनी दर उतरवला असता. इथे समोर शून्य होतं.

समोरचे पर्याय

एप्रिल २०१७मध्ये त्यांच्या घरी बसून बोलणं झालं. मालक, वहिनी आणि मी.

मालकांचं म्हणणं, यंत्रं जुनी झालीत म्हणून पोरं येत नाहीत. सहा संगणक नवे, चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेले घ्यायचे. जे मोबाइलवर चालूच शकत नाही, ते इथे दाखवायचं.

वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. त्या दुकानाच्या तळमजल्यावरच्या काउंटरवर अर्ज भरायच्या, त्यामुळे दुकानात कोण येतं हे त्यांना आमच्या दोघांपेक्षा जास्त माहीत होतं. “रोज चारजण विचारतात, डिस्प्ले बसवून मिळेल का. आपण नाही म्हणतो आणि ते स्टँडसमोर जातात.” गेम कमी करून मोबाइल दुरुस्ती सुरू करावी, असं त्यांना वाटत होतं. पण घरात सोल्डरिंग येणारं कुणी नव्हतं, आणि कारागीर ठेवला तर तो सहा महिन्यांत स्वतःचं दुकान काढणार, ही भीती खोटी नव्हती.

तिसरा पर्याय गेम बंद करून निव्वळ अर्ज, झेरॉक्स, रिचार्ज करण्याचा. त्यावर पाच मिनिटंही बोलणं झालं नाही. अकरा वर्षांचं दुकान, पोरांची सवय, आणि खरं सांगायचं तर मालकांना स्वतःला ती गर्दी आवडायची.

पहिला पर्याय ठरला. मुद्रा योजनेच्या किशोर गटातून २ लाख ८० हजारांचं कर्ज, पाच वर्षांची मुदत, महिन्याला साधारण सव्वासहा हजार हप्ता. प्रकल्प अहवाल मी तयार केला. त्यात अपेक्षित उत्पन्न कुठलं धरलं? २०१३-१४चं. ‘नेहमीचं वर्ष’ म्हणून. माझी सही आहे असं वर म्हटलं ते या कागदाबद्दल.

काय केलं, काय झालं

पुण्याहून सहा नवे संगणक आले. ‘जीटीए फाइव्ह’ हा गेम साठ जीबीच्या वरचा. गावच्या लाइनवर तो उतरवायला किती दिवस लागले असते कुणास ठाऊक, म्हणून हार्डडिस्कमधून आणला. मे महिन्यात सुट्टीची गर्दी झाली, मालक खुशीत. जुलैत कॉलेज सुरू झालं आणि जी पोरं परत यायला हवी होती ती आलीच नाहीत. जी येत होती ती शाळेची, अर्धा तास बसणारी, दहा रुपयांची.

मार्च २०१८मध्ये ‘पबजी मोबाइल’ आला. एका बेटावर शंभर जण उतरतात, चौघांचा एक स्क्वाड, शेवटपर्यंत उरेल तो जिंकला. अर्ध्या तासाचा खेळ. त्या पावसाळ्यात गावात दुसरा विषय नव्हता. गणपतीच्या मांडवामागे पोरं जागरणाच्या नावाखाली रात्रभर हेच करत होती.

मालकांना वाटलं, आता आपले संगणक कामाला येतील. संगणकावर मोबाइलचे गेम चालवणारं इम्युलेटर मिळत होतं. ‘पबजी’ बनवणाऱ्या टेन्सेंटने स्वतःच एक दिलं होतं. मोठा पडदा, माउसने अचूक नेम, मोबाइल तापायची भीती नाही. दोन दिवस पोरं खूश होती. तिसऱ्या दिवशी एकजण उठून निघाला. मालकांनी विचारलं, “काय रे, काय झालं?”

“काका, बाकीचे तिघं ओरडतायत. म्हणतायत तू मोबाइलवरनं ये, नाहीतर येऊच नको.”

भानगड अशी होती : इम्युलेटरवरचे खेळाडू वेगळ्या गटात टाकले जात, कारण माउसवाल्यापुढे अंगठ्याने खेळणारा टिकत नाही. आणि स्क्वाडमधला एक जरी इम्युलेटरवर असला तरी चौघंही त्याच गटात जात. म्हणजे आमच्या भारी संगणकावर बसलेला मुलगा आपल्या तीन मित्रांना माउसवाल्यांच्या तोंडी देत होता. चांगलं यंत्र हीच अडचण झाली. जो गेम सगळा गाव खेळत होता, तो खेळायला आमच्याकडचा संगणक हा गैरसोयीचा मार्ग ठरला. (आणि हो, त्या मुलाने ‘काका’ म्हटलं होतं. मालकांनी ते माझ्याकडे दोनदा बोलून दाखवलं.)

खुर्चीचं भाडं

ऑगस्ट २०१८मध्ये चार पोरं वर आली आणि म्हणाली, “काका, संगणक नको. नुसतं बसू का? वायफाय आणि चार्जिंग द्या.” मालकांनी त्यांना हाकलून लावलं. दुकान म्हणजे काय धर्मशाळा आहे का, वगैरे. आठवडाभराने तीच पोरं समोरच्या चहाच्या टपरीवर बाकावर बसलेली दिसली, टपरीवाल्याच्या बोर्डातून चार्जर ओढून. टपरीवाला दर अर्ध्या तासाला चार चहा विकत होता.

मग मालकांनी जुने सहा संगणक उचलले, भिंतीला लाकडी फळी ठोकली, चार्जिंगचे पॉइंट काढले आणि फायबरची लाइन घेतली. सोळा खुर्च्या, दोन भिंतीवरचे पंखे. तासाला १० रुपये. माझ्या मते या सगळ्या काळातला हा सर्वांत चांगला निर्णय, आणि तो टपरी बघून सुचला. माझ्या कुठल्याही तक्त्यातून नाही.

घरी डेटा असताना पोरं पैसे देऊन का बसत होती? दिवसाचा दीड जीबी दुपारपर्यंत यूट्यूबवर संपलेला असे. ‘पबजी’चं अपडेट आलं की ते उतरवायला वायफाय लागे, त्या दिवशी खुर्ची मिळायची नाही. घरात रेंज धड नाही, पिंग (गेमच्या सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) दोनशे मिलिसेकंदांच्या वर, नेमक्या वेळी माणूस जागच्या जागी गोठतो. शिवाय चौघांनी शेजारी बसून ओरडणं. ‘मागे आहे, मागे आहे’ हे हेडफोनमधून ऐकण्यात आणि शेजाऱ्याने मांडीवर थाप मारून सांगण्यात फरक आहे.

महिन्याला साडेबारा हजारांपर्यंत येऊ लागले. २०१४च्या मानाने काहीच नाही, पण हप्ता निघत होता आणि नवे सहा संगणक शेजारी बहुतेक बंद पडून होते. तीन वेळा स्पर्धाही घेतल्या, माणशी ५० रुपये प्रवेश फी, जिंकणाऱ्या स्क्वाडला रोख बक्षीस.

मार्च २०१९मध्ये राजकोटमध्ये पोलिसांनी ‘पबजी’वर बंदी घातली, काही मुलांना पकडलं, आणि त्या बातम्या इथल्या घरोघरी पोचल्या. त्याच सुमाराची एक दुपार मी तिथे होतो. एक बाई बाजाराची पिशवी घेऊन जिना चढून आल्या, दारातच थांबल्या. “माझा आत आहे का हो?” मालकांनी खोटं बोलायला हवं होतं असं आतल्या बारा जणांना वाटत असणार. त्यांनी वही पुढे केली. “आहे. पाऊण तास झालाय.” बाईंनी विचारलं, “रोज येतो?” मालकांनी एकेक पान मागे उलटायला सुरुवात केली. त्या आठवड्याची सहा पानं. सातव्यावर बाईंनी हात ठेवून थांबवलं. मुलगा मान खाली घालून त्यांच्यामागे गेला. चार्जर फळीवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी दारावर कागद लागला : शाळेच्या गणवेशात प्रवेश नाही, अठराच्या खालच्यांना दिवसाला एक तास. स्पर्धा बंद. मी विरोध केला, कारण या नियमाने महिन्याचे तीनेक हजार जाणार होते आणि गेलेही. मालक ऐकले नाहीत. आज मला ते बरोबर वाटतं, पण तेव्हा मी हप्त्याकडे बघत होतो.

निष्पत्ती

मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागला. दुकान बंद, खुर्च्या उलट्या ठेवलेल्या. हप्त्याला रिझर्व्ह बँकेच्या सवलतीमुळे ऑगस्टपर्यंत श्वास मिळाला. २ सप्टेंबरला केंद्र सरकारने ११८ चिनी अॅप्सवर बंदी घातली, त्यात ‘पबजी मोबाइल’ होता. खुर्च्या ज्या एका गेमवर चालत होत्या, तो एका संध्याकाळी गेला. एकाच गेमवर धंदा बांधल्याचा धोका मी कुठल्याच कागदात लिहिला नव्हता. डिसेंबरमध्ये वरचा मजला सोडला.

त्या काळात घरात मात्र एक गंमत झाली. वहिनी आणि त्यांच्या सासूबाई रोज रात्री मुंबईच्या नणंदेशी ‘ल्युडो किंग’ खेळत होत्या. नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीचा हा गेम २०१६पासून बाजारात होता; लॉकडाऊनमध्ये तो घरोघरी गेला. तेराचौदा वर्षं गेमच्या धंद्यात काढलेल्या मालकांच्या तोंडून तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं, “बायकांचा आपण कधी विचारच केला नाही.” वरच्या मजल्यावर एवढ्या वर्षांत किती मुली आल्या, हे त्या वह्यांत आहे. एका हाताच्या बोटांवर मावतील.

२०२१च्या सुरुवातीला ग्राफिक्स कार्डांवर क्रिप्टो, म्हणजे आभासी चलन, मिळवायच्या नादाने आणि चिप्सच्या टंचाईने त्यांचे भाव भडकले. पुण्याच्या एका व्यापाऱ्याने सहाही जुनी कार्डं जवळजवळ खरेदीच्या किमतीला उचलली. नव्या यंत्रांच्या त्या कर्जाने मिळवून दिलेला हा एकमेव चांगला सौदा, आणि त्याचा गेमशी काही संबंध नव्हता. त्या पैशांत कर्जाचा मोठा तुकडा फिटला. कार्ड काढलेल्या संगणकांवर आता अर्ज भरले जातात.

मालकांचा पुतण्या पुण्यात मोबाइल दुरुस्ती शिकून आला. तळमजल्यावर अर्धा भाग त्याचा. डिस्प्ले, फुगलेली बॅटरी आणि चार्जिंगचा पोर्ट, ही रोजची कामं. पोर्ट ढिले होतात ते चार्जर लावूनच आडवा मोबाइल धरून खेळल्यामुळे, असं पुतण्याचं निदान. जुलै २०२१ला तोच गेम ‘बीजीएमआय’ नावाने परत आला तेव्हा दोन-चार पोरं खुर्च्यांचं विचारून गेली. मालकांनी नाही म्हटलं. जुलै २०२२ला तोही स्टोअरवरून काढला गेला, मे २०२३ला पुन्हा आला. दोन्ही वेळा आमच्या पेटीत फरक पडला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

यावर आमचं तिघांचं एकमत नाही. मालक म्हणतात, खुर्च्या २०१५मध्येच मांडायला हव्या होत्या. मला ते पटत नाही. ‘मिनी मिलिशिया’ला दुकानाचं वायफायही लागत नव्हतं, कँटीन फुकट असताना कोण दहा रुपये देणार? खुर्चीला किंमत आली ती गेमला चांगली लाइन लागायला लागल्यावर.

वहिनी म्हणतात, दुरुस्ती २०१७मध्येच सुरू करायला हवी होती. त्या बरोबर आहेत, पण पुतण्या तेव्हा दहावीत होता.

माझ्यापुरतं सांगायचं तर सहाऐवजी दोन संगणक घेऊन एक पावसाळा बघता आला असता. मेची गर्दी सुट्टीची आहे हे जुलैत कळलंच, तेव्हा नुकसान तिप्पट झालेलं नसतं. गेमचा आणि अर्जांचा गल्ला २०१४पासून वेगळा लिहायला दोन रकान्यांपलीकडे काही लागत नव्हतं. आणि पोरं का येत नाहीत हे आम्ही जी येत होती त्यांना विचारत बसलो. कँटीनपर्यंत दोनशे पावलं चालत जायला हवं होतं.

दुरुस्तीच्या काउंटरवर आता नवी वही आहे. नाव, नंबर, मॉडेल, बिघाड, तारीख. त्यापुढे मालकांनी स्वतः पट्टीने आखून दोन रकाने जास्तीचे घातलेत : वय, आणि ‘मोबाइल मुख्य कशाला वापरता’. गिऱ्हाईक हसतं, पण सांगतं. गेल्या महिन्यात ‘गेम’ असं लिहिलेल्या ४१ नोंदी होत्या, त्यातल्या ९ पन्नाशीपुढच्या. निवृत्त शिक्षक, वय ६१, बॅटरी फुगलेली, ल्युडो.